भरवशाची होडी : ठाण्याच्या खाडीतील एका निवडीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तह उभे राहतात. ज्या गलबतांतून सैन्य उतरले त्या गलबतांची नावे बखरींत सापडतात. परंतु ज्या होडीने रोज पहाटे गावाचे अन्न किनाऱ्याला आणले, तिची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. आज मला अशाच एका बिननोंदीच्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे. प्रश्न अगदी व्यवहारी आहे : मच्छीमाराने भरवशाची होडी निवडावी कशी? आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे : ही निवड आजवर केली कोणी?

निमित्त आहे अ‍ॅल्युमिनियमच्या होडीचे. दिवाळे, करावे, सारसोळे, वाशी, घणसोली या आपल्या खाडीकाठच्या गावांत अशी होडी अजून विरळाच. पण लाकूड महागले, फायबर फुटू लागले, तेव्हा तिसऱ्या वस्तूची चौकशी होणारच. ती हलकी असते, कुजत नाही, मोडीत काढली तरी पैसे देते, हे गुण खरे आहेत. तरीही एवढ्यावरून कर्ज काढावे काय, हा विचार करावा लागतो. मी दर्यावर्दी नाही. माझे आयुष्य कारखान्यांच्या दाराशी, कामगारांच्या सभांत आणि यंत्रशाळांत गेले. शाळा लवकर सुटली. धातूची जी काही विद्या मला आली ती वेल्डरांनी आणि फिटरांनी शिकवली. पण होडी हेही एक हत्यार आहे, आणि हत्यार कोणाच्या मालकीचे, ते दुरुस्त कोण करतो, ते मोडले तर उपाशी कोण राहतो, हे प्रश्न कामगार चळवळीतल्या माणसाला परके नाहीत.

आरंभ लाकडापासून करू. मुंबई बंदराची कीर्ती मुळात सागाच्या जहाजांची होती. १७३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे सुतार मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ येथे जहाजे बांधली. १८१३ साली मुंबईत बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर १८४२ साली चीन आणि इंग्लंड यांच्यामधील नानकिंगचा तह झाला. १८१७ साली येथेच बांधलेली 'त्रिंकोमाली' आज दोनशे वर्षे उलटून गेल्यावरही इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. विलायतेतील ओकच्या जहाजांपेक्षा मुंबईचे सागवानी जहाज अधिक टिकते, हे इंग्रजांच्या आरमाराने अनुभवाने ओळखले होते.

परंतु या कीर्तीला दुसरी बाजू होती. आरमाराची नजर सागावर गेली, तशी ती जंगलावर गेली. १८०६ साली मलबारच्या जंगलावर कॅप्टन वॉटसन यांची वनरक्षक म्हणून नेमणूक झाली, ती आरमाराला साग पुरविण्यासाठी. पुढे जंगलखाते उभे राहिले, कायदे झाले, आणि लाकूड ही गावाची वस्तू न राहता सरकारची वस्तू झाली. मच्छीमाराला होडीसाठी जे लाकूड लागत होते ते त्याला आता बाजारभावाने घ्यावे लागू लागले. होडीची निवड किनाऱ्यावर होते असे आपण समजतो; पण तिच्या निवडीचा पहिला पेच जंगलात पडला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तरीसुद्धा लाकडी होडीने कोळ्याला कधी परावलंबी केले नाही. तिचा कारागीर जवळच्या बंदरातला सुतार असे. त्याच्याकडे कागदावरचा नकाशा नसे. नाळ किती उचलायची, पोट किती पसरायचे, बूड चिखलात बसले तर होडी कशी तोलून राहील, हे सगळे त्याच्या डोळ्यांत आणि दोरीत असे. फळी खराब झाली तर तेवढी फळी बदलायची. फटींत कापूस आणि राळ ठासायची, बुडाला माशाचे तेल चोपडायचे. दोषही होते. समुद्रात लाकूड पोखरणारी कीड असते. ती बाहेरून बारीक छिद्र करून आत शिरते आणि आतून लाकूड चाळणीसारखे करून टाकते. म्हणून होडी वरचेवर कोरड्यात ओढावी लागे, घासावी लागे, तेलवावी लागे. पावसाळ्यातले बंदीचे दिवस याच कामाचे असत. देखभाल कष्टाची होती. पण ती आपल्या हाताने होणारी होती. या शेवटच्या वाक्यावर मी पुन्हा येणार आहे.

यानंतर आले यंत्र. १९२१-२२ साली सरकारने 'विल्यम कॅरिक' नावाचे वाफेवर चालणारे ट्रॉलर मुंबईच्या समुद्रात आणून खोल पाण्यातील मासेमारीचा प्रयोग केला. मासे मिळाले, पण खर्च भागला नाही, प्रयोग थांबला. हे जहाज परदेशी, ते चालविणारे परदेशी, त्याचा कोळसा विकतचा. किनाऱ्यावरच्या तांडेलाला त्यात विचारण्यासारखे काही नव्हते, आणि विचारलेही नाही.

स्वातंत्र्यानंतर मात्र मुंबई राज्याने निराळी वाट धरली, आणि ती शहाणपणाची होती असे माझे मत आहे. सातपाटीसारख्या बंदरांतील मूळच्या गलबतांचे अंग भक्कम, बांधा जड आणि पोट रुंद असल्यामुळे त्यांतच डिझेल इंजिन बसविता येईल, असे दिसून आले. होडी तीच, सुतार तोच, तांडेल तोच. भर पडली ती फक्त इंजिनाची. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमार्फत कर्जे दिली गेली. याच सुमारास केरळात निराळे घडत होते. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन कोल्लमजवळ शक्तिकुलंगरा आणि नींडकरा येथे १९५३ पासून भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. तेथील पारंपरिक होड्या इंजिनाचा भार पेलण्यासारख्या नव्हत्या. म्हणून नव्या बांध्याच्या लहान नौका आणाव्या लागल्या. उद्देश असा की गरीब मच्छीमाराला चांगली होडी मिळावी. पण पुढे परदेशात कोळंबीला भाव आला आणि नव्या यांत्रिक नौका बहुतांशी कोळंबीच्या ट्रॉलिंगकडे वळल्या. ज्यांच्याजवळ भांडवल होते त्यांनी त्या नौका घेतल्या. ज्यांच्यासाठी हे सारे आरंभले होते त्यांतले कित्येक किनाऱ्यावरच राहिले. पुढील काळात ट्रॉलर आणि लहान मच्छीमार यांचे झगडे केरळातच नव्हे तर साऱ्या किनाऱ्यावर झाले, आणि राज्याराज्यांना कायदे करावे लागले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, तो याच झगड्यांच्या काळातला.

या दोन कथांवरून मी एवढेच म्हणतो : होडी ही नुसती वस्तू नसते. तिच्याबरोबर इंधन येते, सुटे भाग येतात, कर्ज येते, बाजार येतो. होडी बदलली की गावातली नाती बदलतात. म्हणून होडीची किंमत विचारताना तिच्या मागून काय काय घरात येणार आहे, तेही विचारले पाहिजे.

आता आपल्या खाडीकडे वळू. ठाण्याची खाडी ही मोठ्या समुद्रासारखी नाही. भरतीला येथे पाण्याचा विस्तार डोळ्यांत मावत नाही आणि ओहोटीला मैल-मैल चिखल उघडा पडतो. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांहून अधिक असतो. या चिखलात निवट्या, चिंबोऱ्या, कालवे. पाण्यात बोई, जिताडा, कोळंबी. येथल्या होडीला वेगापेक्षा उथळ पाण्यात चालण्याची आणि चिखलात न रुतता बसण्याची गरज अधिक.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसविण्याचे ठरले. त्याआधीच ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने उभे राहू लागले होते. १९७३ साली वाशीचा पहिला पूल झाला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. हा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे आणि तो अभिमानाने सांगितला जातो.

परंतु त्या हिशेबात एक रकाना रिकामा राहिला. जमिनीला सातबारा असतो, पाण्याला नसतो. ज्या आगरी-कोळी कुटुंबाची शेती होती त्याची गणना झाली. ज्याचे शेत म्हणजे खाडी, त्याची गणना कशी करावयाची हे कोणत्याच तलाठ्याला सांगता आले नाही. पूल झाले, खांब उभे राहिले, भराव पडले, गाळ साचला. सांडपाण्याने मासा दूर गेला. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि जहाजांची वाट ठरली, तशी जाळ्यांची वाट अरुंद झाली. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले. तेव्हा मासेमारी थांबली आणि बाजारात माशाला गिऱ्हाईक राहिले नाही. अखेर वाशीच्या मरिआई मच्छीमार सहकारी संस्थेने खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या कामासंबंधी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने मच्छीमारांना भरपाई देण्याचे धोरण ठरविण्याचा आदेश दिला. एका लहान सहकारी संस्थेने पन्नास वर्षांचा रिकामा रकाना न्यायालयाच्या नजरेस आणून दिला, ही माझ्या दृष्टीने नवी मुंबईच्या इतिहासातील मोठी घटना आहे. त्याच खाडीला ऑगस्ट २०२२ मध्ये रामसर क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. रोहित पक्ष्यांची गणना होते, ती व्हावी, होडीवाल्याचीही व्हावी.

हे सारे मी का सांगितले? होडीची निवड ज्या पाण्यात करावयाची ते पाणी कोणते, हे कळल्याशिवाय निवडीला अर्थ नाही. खाडीतला मासा उणा झाला, ये-जा अवघड झाली, लाकूड महागले. तेव्हा कोळ्याला लहान, हलकी आणि दोघा-तिघांनी ओढता येईल अशी होडी हवी झाली. फायबरच्या होडीने ती जागा भरून काढली. काचेचे तंतू आणि राळेसारखे रसायन यांच्या थरांनी ती बनते. तिला कीड लागत नाही, ती पाणी पीत नाही, साच्यातून झटपट निघते. मागे एक लहान इंजिन लटकावले की झाले. आज आपल्या किनाऱ्यावर तिचेच राज्य आहे.

तिचे दोष मात्र वरून दिसत नाहीत. थर नीट भिजवले नाहीत, राळ वाचविली, ऊन-पावसात घाईने काम केले, तर होडी वरून चकचकीत आणि आतून पोकळ निघते. डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूत आणि श्रीलंकेत दानशूर संस्थांनी फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटल्या. हेतू निर्मळ होता. पण मागणी एकाएकी वाढल्यामुळे नवखे कारखाने निघाले, आणि त्यांतल्या कित्येक होड्या कमकुवत व समुद्रात नेण्यास धोक्याच्या निघाल्याचे जागतिक अन्न व कृषी संघटनेला नमूद करावे लागले. देणारा एक, बांधणारा दुसरा, आणि जीव धोक्यात घालणारा तिसरा. त्या तिसऱ्याला बांधणीच्या वेळी कोणी विचारलेच नव्हते. शिवाय जुनी झालेली फायबरची होडी कोणी विकत घेत नाही. ती कुजत नाही, वितळत नाही; किनाऱ्यावर प्रेतासारखी पडून राहते.

आता अ‍ॅल्युमिनियम. ही धातू आपल्या घरात पातेल्याच्या रूपाने आली. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न कळता, विजेच्या साहाय्याने ती स्वस्तात काढण्याची एकच रीत शोधली. त्यापूर्वी ती चांदीसारखी मौल्यवान होती. भारतात १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत अल्फ्रेड चॅटर्टन यांनी अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडविण्याचे काम सुरू केले. भांडे म्हणून ती लोकांनी स्वीकारली. परंतु भांड्याची धातू आणि नौकेची धातू एक नव्हे, हा धडा जगाला महागात शिकावा लागला.

१८९५ साली अमेरिकेत 'डिफेंडर' नावाची शर्यतीची नौका बांधण्यात आली. वजन वाचावे म्हणून पाण्याखालचे अंग कांशाचे आणि वरचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे केले. नौका शर्यत जिंकली. पण खाऱ्या पाण्यात कांसे आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आल्यावर ती एक मोठी विजेची बॅटरीच झाली आणि त्या बॅटरीत अ‍ॅल्युमिनियम झिजू लागले. थोड्याच वर्षांत, १९०१ साली, ती नौका मोडीत निघाली. धनिकांच्या खेळातला हा धडा गरीब मच्छीमाराला आजही लागू आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला हौसेने पितळेचा एक नळ बसविला, तर हेच नाटक छोट्या रंगभूमीवर सुरू होते.

पुढे विमानांनी या धातूला मिश्रधातूंची विद्या शिकविली. दुसरे महायुद्ध संपताच, १९४५ साली, अमेरिकेतील ग्रमन या विमाने बांधणाऱ्या कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या लहान होड्या काढल्या. त्यानंतर मॅग्नेशियम मिसळलेले, खाऱ्या पाण्यात टिकणारे मिश्रधातू आणि त्यांना जोडणारी आर्गॉन वायूतील वेल्डिंगची पद्धत रुळली, तेव्हा कुठे ही धातू मच्छीमाराच्या कामाची झाली. आपल्याकडे १९५७ साली कोचीन येथे मत्स्य तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था निघाली. तिने पुढील दशकात लाकडी होडीच्या बुडाला किडीपासून वाचविण्यासाठी महागड्या तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा मारून पाहिला. आज आपल्या तटरक्षक दलाच्या पुष्कळ वेगवान नौकांची अंगे अ‍ॅल्युमिनियमची आहेत. म्हणजे धातू आपल्या समुद्राला परकी नाही. परकी आहे ती कोळ्याच्या दाराला.

जेथे ही होडी खरोखर मच्छीमाराची झाली असे एक ठिकाण सांगतो. अलास्कातील ब्रिस्टल उपसागरात सामन मासा पकडतात. तेथे १९५१ पर्यंत कायद्याने इंजिनाला बंदी होती. शिडाच्या लाकडी होड्यांतूनच मासेमारी करावी लागे. बंदी उठली तशी इंजिने आली, मग फायबर आले, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या होड्याही मोठ्या संख्येने आल्या. तेथेही भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे, चिखल आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात, होडीचे बूड वरचेवर जमिनीला घासते. अशा वेळी फायबर तडकते. अ‍ॅल्युमिनियम बहुधा वाकते, पोचा पडतो, पण होडी घरी येते. ठाण्याच्या खाडीशी याचे साम्य आहे. पण भेदही आहे, आणि तो विसरता कामा नये. तेथे अ‍ॅल्युमिनियम जोडणारे कारागीर आहेत, आणि हंगामाच्या कमाईवर कर्ज पेलता येते. आपल्या खाडीतल्या जाळ्यात तेवढा मासा नाही.

तर मग ही होडी घेणाऱ्याने काय पाहावे? यंत्रशाळेतल्या मित्रांकडून जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट धातूची जात. पत्रा कोणत्या क्रमांकाचा आहे ते विचारावे. ५०८३ किंवा ५०८६ हे नौकेच्या पत्र्याचे क्रमांक आहेत. ५०५२ हाही लहान होड्यांना चालतो. छपराचा किंवा भांड्याचा पत्रा रंग लावून कोणी पुढे केला तर तो खाऱ्या पाण्यात टिकणार नाही. पत्र्याबरोबर गिरणीचा दाखला असतो, तो मागावा. दाखला दाखविण्यास जो का-कू करतो, त्याची होडी घेऊ नये.

दुसरी गोष्ट जाडी. सहलीच्या हलक्या होडीचा पत्रा दीड-दोन मिलिमीटरांचा असतो. रोज चिखलावर आणि धक्क्याच्या दगडावर घासणाऱ्या कामकरी होडीचे बूड तीन-चार मिलिमीटरांपेक्षा कमी नसावे, आणि आतून आडव्या-उभ्या पट्ट्यांचा आधार भरपूर असावा.

तिसरी गोष्ट जोड. रिव्हेट मारलेली होडी स्वस्त. पण इंजिनाच्या थरथरीने रिव्हेट सैल होतात आणि पाणी झिरपू लागते. वेल्ड केलेली होडी बरी, पण वेल्ड चांगला असेल तरच. या धातूचा वेल्ड कोरड्या, स्वच्छ, वारा न लागणाऱ्या जागी करावा लागतो; ओलावा राहिला तर जोडात बुडबुडे राहतात आणि तडा तेथूनच जातो. वेल्डच्या कडेची धातू उष्णतेने थोडी दुबळी होते, म्हणून जास्त ओढ पडणाऱ्या जागी जोड घेऊ नये. शिडीसारखी सारख्या लाटांची ओळ दिसली तर हात शिकलेला आहे असे समजावे. गोळे, खड्डे आणि काजळी दिसली तर नमस्कार करून परत यावे.

चौथी गोष्ट शेजार. तांबे, पितळ, कांसे यांचा या धातूला थेट स्पर्श होता कामा नये. खिळे-बोल्ट दुसऱ्या धातूचे असतील तर मध्ये रबराचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा हवा. तांब्याचा अंश असलेला रंग बुडाला लावू नये. जस्ताचे तुकडे बुडाला बसवावेत; ते आधी झिजतात आणि होडीला वाचवितात. बॅटरीच्या तारेची परतीची वाट होडीच्या अंगातून ठेवू नये. पारा आणि कॉस्टिक सोडा हे या धातूचे हाडवैरी आहेत. रासायनिक कारखान्यांच्या खाडीत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. होडीच्या तळाशी साचलेले चिखलपाणी तसेच राहू देऊ नये, कारण साचलेल्या पाण्याखाली धातूला टाचणीएवढी भोके पडतात.

पाचवी गोष्ट तरंगणे. लाकूड भरले तरी तरंगते, धातू बुडते. म्हणून बाकाखाली बंद कप्पे करून त्यांत फोम भरलेला असला पाहिजे, आणि होडी पाण्याने भरूनही माणसांना धरून राहते की नाही, हे विकत घेण्याआधी उथळ पाण्यात करून पाहावे. तोंडी आश्वासनावर जीव टांगू नये.

या पाचही गोष्टी पदरात पडल्या तरी सहावी उरते, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. होडी फुटली तर तिला सांधणारा हात किती दूर आहे? लाकडी होडीविषयी बोलताना मी म्हणालो की तिची देखभाल आपल्या हाताने होत असे. तोच खरा भरवसा होता. दिवाळ्याची किंवा सारसोळ्याची होडी जोडण्यासाठी आठवडाभर वाट पाहावी लागली, तर त्या आठवड्याचे उत्पन्न बुडाले. त्या काळात घर चालविण्यासाठी घेतलेले उसने पैसे होडीच्या किमतीत कोणी धरीत नाही, पण कोळिणीच्या हिशेबात ते असतात. भाव ठरवितेवेळी तिला बाजूला बसवू नये. घरातले चांदीचे दागिने गहाण पडतात ते तिचे.

आणि येथेच आपल्या शहराची एक गंमत आहे. ज्या औद्योगिक पट्ट्याने खाडी नासविली, त्याच पट्ट्यात अ‍ॅल्युमिनियम उत्तम जोडणारे वेल्डर तयार झाले. त्यांतले पुष्कळजण याच गावांतल्या कोळी-आगरी घरांतले आहेत. बापाच्या हातात वल्हे होते, मुलाच्या हातात वेल्डिंगची टॉर्च आली. कंत्राटी पद्धतीने यांतले कित्येक हात आज वर्षातून काही महिने रिकामे असतात. ही विद्या गावात परत का येऊ नये? चार-पाच गावांच्या मच्छीमार संस्थांनी मिळून एक दुरुस्तीशाळा काढली, तर नव्या होडीचा भरवसा कारखान्याच्या जाहिरातीत शोधावा लागणार नाही. तो आपल्याच आळीत मिळेल. लाकडाच्या काळात गावाचा सुतार जे करीत होता, ते धातूच्या काळात गावाचा वेल्डर करील.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत होडीसाठी सर्वसाधारण लाभार्थ्याला चाळीस टक्के आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना साठ टक्के साहाय्य ठेवले गेले. साहाय्य चांगले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण साहाय्याच्या होडीचा नमुना कोणी ठरविला हे विचारले पाहिजे. ज्या वस्तूला अनुदान आहे तीच घ्यावी, असा दबाव आला की निवड कागदावर होते आणि तोटा पाण्यावर होतो. संस्थेने आधी एकच होडी घ्यावी, ती एक पूर्ण वर्ष, उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि उधाणात, निरनिराळ्या तांडेलांच्या हाती देऊन वापरावी, दर महिन्याला बूड तपासून वहीत नोंद करावी; आणि ती वही सर्वांसमोर वाचून मगच बाकीच्यांनी कर्ज काढावे. कारखान्यात नवे यंत्र आले की ते चालविणाऱ्या कामगाराचे मत घ्यावे, अशी आम्ही मागणी करतो. तोच न्याय खाडीला लावावा, एवढेच माझे म्हणणे.

कोणी विचारील की खाडीतला मासाच उणा होत असताना होडीच्या धातूची चर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे. उत्तम होडीने नासलेले पाणी स्वच्छ होत नाही. पण मच्छीमार पाण्यावर राहिला तरच पाण्याविषयी बोलणारे कोणीतरी राहील. वाशीच्या संस्थेने न्यायालयाची पायरी चढली ती होड्या चालू होत्या म्हणून. ज्या दिवशी शेवटची होडी किनाऱ्यावर कायमची ओढली जाईल, त्या दिवशी खाडीला वारस उरणार नाही. आणि बिनवारस जागेचे या शहरात काय होते, ते आपण गेली पन्नास वर्षे पाहत आलो आहोत.

म्हणून माझे उत्तर एका धातूच्या नावात सामावणारे नाही. साग भरवशाचा होता, कारण त्याला जाणणारे हात गावात होते. फायबरने दगा दिला तेथे तो वापरणाऱ्याला न विचारता बांधलेले होते. अ‍ॅल्युमिनियम आपल्या चिखलाच्या खाडीला मानवण्याजोगे आहे. पत्रा खरा असेल, जोड पक्का असेल, पितळ दूर असेल, सांधणारा हात जवळ असेल आणि कर्ज जाळ्याला झेपेल एवढे असेल, तर ते जरूर घ्यावे. मात्र ती निवड तांडेलाने करावी, त्याच्या घरातल्या बाईने करावी, आणि त्यांच्या संस्थेने सभा घेऊन, हात वर करून करावी.